फळीवरचे सहा डबे

आजोळच्या शेतावरचं आपलं बालपण किती रम्य होतं हे सांगायला ग्रंथपाल बाईंना कधी आग्रह करावा लागला नाही. त्यातला बराचसा भाग मात्र त्या सोयीस्करपणे गाळत. पहाटे पाचला अंगावरचं पांघरूण ओढणारे आजोबा, शेणाने भरलेल्या पाट्या, पोटरीला टोचणाऱ्या कोंबड्या, हे सगळं श्रोत्यांच्या वाट्याला येत नसे. सुट्टीत आलेलं नातवंड म्हणजे फुकटचा गडी, असा आजोबांचा सरळ हिशेब होता. पण पन्नाशी ओलांडलेल्या बाईंना आता त्या शेणालाही मातीचा सुगंध येऊ लागला होता.

सांगण्याचा कळस असे तो आजीच्या बियाण्यांच्या फळीचा. फळीवर पत्र्याचे सहा डबे होते, सगळे एकाच आकाराचे आणि एकाच रंगाचे. बाई तेव्हा आठ वर्षांच्या. आजी एकेक डबा हलवून आत काय आहे ते सांगायची आणि नात चिठ्ठीवर वळणदार अक्षरात नाव लिहून ती खळीने डब्याला चिकटवायची. सुट्टी संपायच्या दिवशी तर नातीने कहरच केला. कोणी सांगितलं नसताना सगळे डबे अकारविल्हे लावले: कोबी, गाजर, घेवडा, पालक, मुळा, मोहरी. आजीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि जगाला एक ग्रंथपाल मिळाली.

पुढच्या आठवड्यात ग्रंथपालांच्या संमेलनात बाईंचं भाषण होतं. विषय त्यांनीच ठरवला होता, ‘माझं पहिलं ग्रंथालय’. आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांची, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. तिच्याच तोंडून दोन कौतुकाचे शब्द मोबाइलवर टिपून घ्यावेत आणि सभागृहाला ऐकवावेत, एवढ्यासाठी बाई सकाळीच शेतावर येऊन थडकल्या.

मामाने चहाबरोबर नेहमीचा किस्सा वाढला. एका वर्षी आजीने कोबी म्हणून मोहरी पेरली. आजोबा गावभर कोबीच्या गोष्टी सांगत हिंडत होते आणि वाफ्यात पिवळी फुलं डोलायला लागली. त्याच दिवशी आजोबांनी फळी आजीकडून काढून मामाच्या ताब्यात दिली, डबे माळ्यावर गेले, दुकानातून बियाण्यांची पाकिटं यायला लागली आणि आजीला कोंबड्यांवर नेमलं. घरात कोणाच्या हातून काही चुकलं की अजूनही ‘आजीचा कोबी झाला’ असं म्हणत. बाई या किस्स्याला चाळीसेक वर्षं मनापासून हसत आल्या होत्या. त्या दिवशीही हसल्या.

मग मागच्या दाराशी वाटाण्याच्या शेंगा सोलत बसलेल्या आजीसमोर त्यांनी मोबाइल धरला.

“आजी, मी फळी लावून दिली तेव्हा तुला काय वाटलं?”

“वाटलं, झालं वाटोळं,” आजी म्हणाली.

बाईंनी मोबाइल खाली घेतला. आजी शेंगा सोलता सोलता सांगत गेली, जणू शेजारणीची हकीकत असावी. तिची फळी पेरणीच्या क्रमाने लावलेली असायची. जे आधी पेरायचं ते डावीकडे, कोबी सगळ्यात शेवटी, उजव्या टोकाला. हात आपोआप तिथे जायचा. चिठ्ठ्यांवर काय लिहिलंय ते तिला कळत नव्हतं, कारण तिला अक्षरओळख नव्हती. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, फक्त सगळ्यात हुशार नातीला सोडून.

पेरणीच्या वेळी डबे उघडल्यावर फळी हललीय हे आजीच्या लगेच ध्यानात आलं. घेवडा, गाजर, पालक, मुळा हाताला ओळखू आले. राहिले दोन डबे, कोबी आणि मोहरी. दोन्ही बारीक, गोल आणि काळपट. त्यातून कीड लागू नये म्हणून राखेत घोळवलेलं बी, ते चावूनही कळेना. शेवटी तिने सवयीने उजव्या टोकाचा डबा उचलला.

“पण आजोबांना चिठ्ठी वाचायला सांगायचीस ना,” बाई म्हणाल्या.

“फळी कोणी हलवली, हे त्यांनी आधी विचारलं असतं. त्यांचा राग तू बघितला नाहीस. तुझं इथलं येणं बंद झालं असतं.” आजीने दाणे वाडग्यात ओतले. “कोंबड्या काही वाईट नसतात गं.”

बाईंना भयंकर लाज वाटली. भाषणाची नव्हे, ते तर बसल्या जागी मेलंच होतं. आजीच्या हातचं काम गेलं होतं आणि त्या गमजा करत फिरल्या होत्या, वर हसल्याही होत्या. निदान आजीच्या माथ्यावरचा हा डाग तरी आज धुऊन काढायचा, असं त्यांनी ठरवलं.

दुपारी पानं वाढल्यावर त्यांनी मामाला सगळं सांगितलं, काही न लपवता. डबे मी हलवले, चूक माझी, आजीची नव्हे. मामाचा घास हातातच राहिला. क्षणभर बाईंना वाटलं, पटलं याला.

“आजीवर पांघरूण घालतेस होय?” मामा हसत म्हणाला. “अगं, तू तर डब्यांवर नावंसुद्धा घालून दिली होतीस. तरी हिने घोळ घातलाच ना.”

तिला वाचता येत नव्हतं, बाई कळवळून म्हणाल्या. मग कोणाला तरी विचारायचं की, मामा म्हणाला, आणि मामीकडे वळून पिवळ्या फुलांचा भाग पहिल्यापासून सांगू लागला. मामी हसली. हा किस्सा घरातल्या सगळ्यांचा लाडका होता आणि तो खरा असण्याची कोणालाच गरज नव्हती. बाईंनी आजीकडे पाहिलं, आता तरी ती बोलेल म्हणून.

आजीने त्यांच्या पानात आणखी थोडं वाढलं.

“हस गं,” ती हळूच म्हणाली. “त्याला एवढी एकच गोष्ट रंगवून सांगता येते.”

बाईंनी हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.