अडून बसलेला कंदील

मित्रांनो, मी एक जुना कंदील आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मला कुणाची कीव नको. काच तडकली आहे, तांबे काळे पडले आहे, मुक्काम अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत. पण मी इथे कसा आलो ते ऐकाल, तर तुम्हीच म्हणाल, बरे केलेस.

एका तांबटाने मला ठोकून घडवले. त्याच्या हाताला घाई ठाऊक नव्हती, म्हणून माझी ज्योत कधी फडफडली नाही. मोठ्या कौतुकाने मला नगरसभेच्या दालनात टांगले. त्या दालनाला खिडकीच नव्हती. भर दुपारीसुद्धा तिथे उजेड फक्त माझा. मला वाटले, जन्माचे सार्थक झाले.

त्या नगराचा कायदा असा होता. सभेत बोलू पाहणाऱ्याने माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे. त्याची सावली समोरच्या भिंतीला टेकली तर त्याने बोलायचे, नाही टेकली तर मुकाट खाली बसायचे. लांब सावलीची माणसे मोठ्या घरांत जन्मतात आणि आखूड सावलीची रंगारी आळीत, असे शाळेतही शिकवत. आळीतल्या आयासुद्धा मुलांची समजूत घालायच्या, बाळा, आपली सावलीच तेवढी.

साफ खोटे! माझी साखळी कप्पीवरून खाली साखळीवाल्या काकांच्या हातात जायची. मोठ्या घरचा माणूस उभा राहिला, की ते मला खाली सोडायचे आणि त्याची सावली थेट भिंतीवर चढायची. थोरांपुढे दिवासुद्धा झुकतो, असे सगळे भक्तिभावाने म्हणायचे. आळीतला कुणी आला, की काका मला छतापर्यंत ओढायचे. बिचाऱ्याची सावली त्याच्याच पायाशी घोटाळायची. वर माझ्या उजेडाची तारीफ व्हायची. त्या तारिफेची मला अजून चीड येते.

मग एके दिवशी सभेत ठराव आला. रंगारी आळीचा कालवा बंद करून ते पाणी मोठ्या घरांच्या कारंज्यांना द्यायचे. पाणी नाही तर रंग नाही, आणि रंग नाही तर आळीत चूल पेटणार नाही. सभेत एकाने जरी बोलून हरकत घेतली, तरी ठराव पडायचा. तेवढ्या आशेवर एक रंगारीण पुढे आली. हात कोपरापर्यंत निळे, कडेवर झोपलेली लेक.

तिच्या आधी सभापतींचे मेहुणे बोलले होते, म्हणून मी खालीच होतो. ती उभी राहिली आणि काकांनी साखळी ओढली. मी अडलो. कप्पीत कडी अशी रुतवली, की काका साखळीला लोंबकळले, घामाघूम झाले, तरी मी तसूभर हललो नाही. आयुष्यभर हुकूम पाळले होते, तो नाही पाळला. रंगारणीची सावली लेकीसकट भिंतीवर जाऊन उभी राहिली.

ती तोंड उघडणार, तोच सभापतींनी मला विझवायला फर्मावले. काकांनी फुंकर मारली. दालनात मिट्ट काळोख झाला. त्या काळोखात सभापतींनी तिला बजावले, की आता तुला सावली नाही, तेव्हा गप्प बस.

"तुमची तरी कुठंय, साहेब?" ती म्हणाली. "तरी बोललातच ना? मग मीही बोलते. आमचं पाणी आम्ही सोडणार नाही. ही माझी हरकत."

मग मागे दाराशी उभ्या असलेल्या आळीकरांतून आवाज आला, "माझीही." मग दुसरा, मग तिसरा. आणि एक अगदी माझ्याजवळून आला, जरा घोगरा. तो साखळीवाल्या काकांचा होता. कोण बोलले ते काळोखात कुणाला दिसले नाही, पण ऐकू सगळ्यांना आले.

ठराव पडला, आणि राग निघाला माझ्यावर. मला खाली आदळले, फरफटत इथे आणून टाकले. पण तो ठराव पुन्हा आणायची कुणाची छाती झाली नाही.

तेव्हा मित्रांनो, मला घासूनपुसून लख्ख करा, अशी विनवणी मी करणार नाही. काळा तर काळा. टांगायचे असेल तर खुशाल टांगा, पण सगळ्यांसाठी एकाच उंचीवर. माणूस बघून वर-खाली करायला आलात, तर मी पुन्हा अडेन.