तुकडे म्हणजे तुकडे

चेहऱ्याला लावायच्या स्नोच्या बरणीत बोटाचा खळगा तसाच होता, कालचा. खिडकीतून आलेलं दुपारचं ऊन पांढऱ्या काचेतून आत झिरपत होतं आणि खळग्याच्या कडेच्या बारीक रेघा तिला स्वतःच्या बोटाच्या वाटतच नव्हत्या... ताईच्या वाटत होत्या. स्नोच्या कारखान्याच्या त्या लांबलचक खोलीत ताई बरण्यांना झाकणं लावायची आणि ती लेबलं; शेवटच्या घाण्यातलं उरलंसुरलं ताई तिच्या नाकाला लावायची — "चिमे, बघ कशी गोरी झालीस!" — आणि दोघी हसायच्या. सत्तरी गाठली तरी ताईच्या तोंडी ती चिमीच.

बरणीखाली पत्र होतं. सकाळपासून चारदा वाचून झालेलं. कंपनी पुन्हा एकदा आपल्या समभागांचं विभाजन करणार होती, एकाचे पाच. खाली एक लहानसा तक्ता होता, पहिल्यापासून ज्यांनी समभाग जपले त्यांचे ते किती पट झाले हे सांगणारा. आकडा एवढा मोठा होता, की तो कुणा दुसऱ्याचा असावा असं वाटे. आणि खरं तर निम्मा होताच दुसऱ्याचा.

ताई येणार होती, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परस्पर.

तेव्हाही पत्रच आलं होतं. कामगार म्हणून दोघींना दहा-दहा समभाग मिळाले, त्यानंतर काही वर्षांनी. ताईनं ते उघडलंच नव्हतं. तिनं पाहिला होता फक्त पेपरातला भाव. काल हजार, आज दोनशे. ती धापा टाकत आली, पायातल्या चपलाही काढायच्या विसरली. "बुडालो गं आपण! पेपरात तुकडे तुकडे असं काहीतरी लिहिलंय. तुकडे म्हणजे काय गं?"

आणि चिमी — पत्र शांतपणे वाचलेली, एकाचे पाच होणार म्हणजे दहाचे पन्नास हे बोटांवर मोजून झालेली — म्हणाली होती, "तुकडे म्हणजे तुकडे."

मी खोटं काय बोलले? तुकडे म्हणजे तुकडेच ना? ...हा प्रश्न ती स्वतःला इतक्या वर्षांत इतक्यांदा विचारत आली होती, की तो झिजून गुळगुळीत झाला होता.

"तू घेतेस का माझे? आजच्या भावानं दे. तुझी छाती मोठी, मला नाही झोप लागायची." तिनं घेतले. दहांचे पैसे मोजले, दोन हजार. ताईनं जुनं सर्टिफिकेट दिलं, फॉर्मवर सही केली, आणि तिकडून पन्नास आले. पुढे पन्नासाचे शंभर झाले. ताईनं त्या दोन हजारांतून तिला निळा स्वेटर आणला होता, "तू मला वाचवलंस म्हणून". तो अजून कपाटात आहे. एकदाही न घातलेला.

पैशांचं एक वेळ सोडा. पैसे परत करता येतात. पण त्याच वर्षी साहेबांनी ताईला सुपरवायझर व्हायला सांगितलं, तर ताई म्हणाली, मला व्यवहारातलं कळत नाही, मी भित्री. आणि मग दुधानं तोंड पोळल्यासारखी ती जन्मभर ताकही फुंकत राहिली. घर बदलायचं तर मुलाला विचार, डॉक्टर बदलायचा तर चिमीला विचार. चारचौघांत कौतुकानं सांगायची, "आमची धाकटी धीराची हो, मी आपली घाबरट." तेव्हा ही मान खाली घालायची आणि लोकांना तो विनय वाटायचा. सांगायचं नव्हतं असं नाही. दर वर्षी थोडं थोडं सांगू, असं ठरवून तिनं त्या एका गोष्टीचे बारीक तुकडे केले होते... आज नको, तिच्या सुनेसमोर नको, तिचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊ दे. तुकडा हातात घेतला तर अगदी हलका. पण विभाजनानं एकूण काही कमी होत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? उलट झाकल्या मुठीत ते वाढतच गेलं होतं, कंपनीच्या तक्त्यासारखं.

दार वाजलं. ताई चाचपडत आत आली, डोळ्यांत औषध घातलेलं, बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर, लहान मुलीसारख्या.

"सगळं धुक्यात आहे बघ. तू पण धुक्यातच." ती टेबलाशी बसली. बोट बरणीत गेलं, कालच्या खळग्यात नेमकं बसलं, आणि हवेतून अंदाजानं येऊन चिमीच्या नाकाला टेकलं. जरा गालावरच गेलं. दोघी हसल्या.

"आपल्या कंपनीचं पत्र ना गं हे? वासावरून कळलं." ताईनं कागद पुढे सरकवला. "वाच. मला काही दिसत नाही."

तिनं वाचायला घेतलं. माननीय भागधारक... संचालक मंडळाने... समभागांचे विभाजन...

"म्हणजे पुन्हा तुकडे?" ताईनं मान किंचित कलती करून विचारलं, अगदी तेव्हासारखी. विश्वासानं. "म्हणजे काय गं नक्की?"

नाकावर स्नो गार लागत होता. एवढी वर्षं आपण ताईच्या रागाला भीत नव्हतो, हे तिला त्या क्षणी, उन्हात तरंगत असल्यासारखं, स्पष्ट दिसलं. हे सांगितल्यावर ताई भित्री उरणार नव्हती. आणि मग या घरात भित्री कोण, एवढंच उरणार होतं.

"थांब ताई," ती म्हणाली, "पहिल्यापासून वाचते."

ताई सावरून बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून. आणि चिमीच्या हातातल्या कागदावरची अक्षरं हळूहळू पसरत गेली. पहिल्यापासून म्हणजे नेमकं कुठल्या पत्रापासून, हे तिला ठरवता येईना.