वाकडं अंगण

“अक्का, आपण अजून डावीकडेच वळतोय का गं?” मागच्या सीटवरून मामाने विचारलं. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत थेंब घातले होते, त्यामुळे त्याला समोरचं धड दिसत नव्हतं. कान मात्र शाबूत होते. “मघापासून टिकटिक चाललीय. अशानं गोल फिरून परत दवाखान्यातच पोचायचो आपण.”

आईने बोटाने इंडिकेटरची दांडी मधे आणली. टिकटिक थांबली.

“ते चाकाचं काहीतरी आहे,” ती म्हणाली. “नवीन स्टिअरिंग बसवल्यापासून दांडी आपली आपण परत येत नाही. मी मागेही म्हटलं होतं, एकदा ते उघडून...”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” शेजारी बसलेली लेक म्हणाली.

मामा खो खो हसला. लेकीलाही आपलं वाक्य आवडलं. पुस्तकांची मुद्रितं तपासणं हे तिचं काम. दुसऱ्याची चूक दिसली की तिथे बोट ठेवायला तिला वेळ लागत नसे, आणि वेळेवर शब्द सुचतात याचा तिला थोडा अभिमानही होता.

 आईने चाळीस वर्षं लोकांना गाडी शिकवली होती. तिचे विद्यार्थी पाठीमागे तिला ‘हळूबाई’ म्हणत, कारण क्लचपासून लग्नापर्यंत कशालाही तिचा सल्ला एकच: हळू. इंडिकेटरचा धडा तर सगळ्यांना पाठ होता. “आधी सांगायचं, मग वळायचं, वळून झालं की गप्प बसायचं. वळून झाल्यावरही जो सांगत राहतो, त्याच्यावर रस्त्यात कुणी विश्वास ठेवत नाही.” अशा बाईला इंडिकेटरवरून टोमणा मारणं म्हणजे सोनाराला ‘तुम्हाला पितळ ओळखता येत नाही’ म्हणण्यातला प्रकार. गाडीही शिकवणीतलीच होती, तिची पहिली. पन्नास वर्षांची, सायीच्या रंगाची, शेजारच्या सीटपुढे शिकवणाऱ्याच्या पायासाठी बसवलेला जादा ब्रेक अजून शाबूत असलेली.

पाण्याच्या टाकीपाशी आईने आरशात पाहिलं, गाडी कडेला घेतली, दांडी हाताने मधे आणली, हँडब्रेक ओढला आणि किल्ली काढून लेकीपुढे धरली.

“घे. तू चालव.”

“अगं आई, मस्करी केली मी.”

“मस्करीच. पण घे. माझ्या शेजारी बसलीस की तुझा पाय त्या ब्रेकवर असतो. मला दिसतो.”

दोघींनी जागा बदलल्या. घरापर्यंत तीन वळणं होती. तिन्ही वळणांनंतर आईचा हात शेजारून आला, दांडी मधे सारून परत मांडीवर गेला. शब्द नाही, नजर नाही. लेकीच्या मनात तेव्हा काय आलं? हेच, की हिची शिकवायची खोड काही जात नाही.

त्या संध्याकाळी आईने गाडीची काच पुसली, किल्ली खिळ्याला अडकवली, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं अर्धं सोडवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यापाशी चहाचं आधण ठेवता ठेवता गेली. हृदय थांबलं. आदल्या दिवशी मनाला लागलेल्या गोष्टीने असं होतं का, असं लेकीने डॉक्टरांना विचारलं. नाही, ते म्हणाले. तिला तेवढ्याने सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीही लाज वाटली.

मग माणसं भेटायला येऊ लागली. जो तो बसल्या बसल्या हळहळायचा आणि म्हणायचा, “शेवटी शेवटी विसरायला लागल्या होत्या ना बाई?” शेजारीण म्हणाली, जुने विद्यार्थी म्हणाले, मामा तर येईल त्याला सांगायचा. हे सगळ्यांना कळलं कुठून? छापलेल्या पुस्तकात चूक सापडली की ती कुठल्या प्रतीत शिरली, हे लेक मागे मागे जाऊन शोधत असे. इथे फार मागे जावं लागलं नाही. चूक तिच्याच तोंडून शिरली होती. “आईचं वय झालं आता, विसरते,” हे ती दहा महिने सांगत होती. पण पुरावा काय? गॅस कधी चालू राहिला नव्हता. चष्मा हरवला नव्हता. कुणाचा वाढदिवस चुकला नव्हता. पुरावा एकच, इंडिकेटर.

दीड महिन्याने मामाचा फोन आला. “गाडी उभी राहून सडेल. विकायची तर नीट करून वीक.” म्हणून ती गाडी घेऊन आईच्या जुन्या मिस्त्रीकडे निघाली. बाजाराच्या चौकात उजवीकडे वळली, आणि पुढे बऱ्याच अंतरावर एका मोटारसायकलवाल्याने तिला गाठून काचेवर टकटक केलं.

“ओ काकू, नक्की जायचंय कुठे? एकदा काय ते ठरवा!”

इंडिकेटर चालूच होता. तिने घाईघाईने दांडी ओढली. तिचं वय बेचाळीस, आदल्या आठवड्यात तिने चारशे पानांच्या पुस्तकातला एक चुकलेला अनुस्वार पकडला होता. काल कुठली फाइल कुठे ठेवली हे तिला पाठ होतं. आणि तरी तिला टिकटिक ऐकू आली नव्हती.

मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे पत्र्याखालची एक लांबट खोली. भिंतीवर पाने आकाराप्रमाणे टांगलेले, प्रत्येकामागे त्याची रंगवलेली आकृती, म्हणजे नेलेलं हत्यार भिंतीवरच कळावं. मिस्त्रीने हात पुसले, पण गाडीला हात लावायच्या आधी क्षणभर नुसता उभा राहिला.

“एंजिन खोलता येत होतं मला, गाडी चालवता येत नव्हती,” तो म्हणाला. “बाईंनी शिकवलं. पहिल्या दिवशी म्हणाल्या, तुम्हाला गाडीच्या पोटातलं सगळं माहीत आहे, आता जरा तिचं तोंड बघा.” तो हसला. “बोला ताई, काय होतंय?”

“इंडिकेटर बंद होत नाही. वळून झालं तरी.”

त्याने पुढची चाकं सरळ केली, हॉर्नचं बटण उचकटलं, खालचा नट सैल केला आणि दोन्ही हातांनी हिसका देऊन स्टिअरिंग वर काढलं. आत डोकावला. “या, बघा इकडे.”

मधल्या दांड्यावर एक कडी होती आणि कडीवर नखाएवढी खुंटी. वळून चाक सरळ होऊ लागलं की ही खुंटी फिरत येते, त्याने समजावलं; शेजारच्या पितळी जिभेला ढकलते, आणि दांडी टक् करून जागेवर पडते. “पण ज्याने हे नवीन चाक बसवलं ना, त्याने कडी अर्धा फेरा चुकवली. खुंटी भलतीकडेच फिरतेय, जिभेपर्यंत पोचतच नाही. वरून चाक सरळ दिसतं. आत मात्र वाकडं.”

तिला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नसावं. “काय म्हणालात?”

“वाकडी बसलीय कडी. आता चालवणाऱ्याने कितीही नीट चालवावं, आतलंच वाकडं असलं तर तो बिचारा काय करणार?”

ते नवीन चाक तिने बसवून घेतलं होतं. आईच्या सत्तरीला. जुनं चिरा पडून हाताला चिकटायचं, आईने त्याला सुती पट्टी गुंडाळली होती. ते तिला गबाळं वाटायचं. आई चार दिवस मामाकडे गेली तेव्हा तिने गाडी काचेच्या दरवाजांच्या एका चकचकीत गॅरेजात नेली. आईने नव्या चाकावरून हात फिरवला होता आणि म्हटलं होतं, “छान आहे गं. गुळगुळीत.”

“आई तुमच्याकडे का नाही आली?” तिने विचारलं.

“आल्या होत्या की. मी म्हटलं, चाक काढावं लागेल. तर म्हणाल्या, ‘लेकीनं हौसेनं बसवून दिलंय, तिला विचारते आणि आणते.’ मग आल्याच नाहीत.” त्याने वर पाहिलं. “विचारलं नसेल.”

विचारलं होतं. ती मुद्रितं तपासत बसली होती, आई दारात उभी राहून म्हणाली होती, “ते चाक जरा काढून बघायचं का?” आणि तिने मान वरसुद्धा न करता म्हटलं होतं, “तुला नवीन काही चालतच नाही का गं?”

“नाही,” ती मिस्त्रीला म्हणाली. “राहून गेलं असेल.”

परत जाताना प्रत्येक वळणानंतर दांडी टक् करून परत येत होती. चाळीस वर्षं हा आवाज आईच्या हाताशी होता. जी गोष्ट चाळीस वर्षं आपली आपण झाली, ती हाताने करायची सवय सत्तरीत कशी लागावी? आणि तरी दहापैकी सात वेळा आई न चुकता करत होती. उरलेल्या तीन वेळा लेकीने मोजल्या होत्या.

यानंतर ती चार दिवस गप्प बसली. तिसऱ्या दिवशी शेजारीण वाटी परत द्यायला आली आणि म्हणाली, “विसरत होत्या हो, पण स्वभाव काय होता!” तेव्हा सांगता आलं असतं. जीभ उचललीसुद्धा. पण मान हलली, होकारार्थी. दार लावल्यावर ती तशीच दाराला पाठ टेकून उभी राहिली. तोवर जे केलं ते न कळता केलं होतं. हे कळून केलं. तिला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

रविवारी मामा आईचे कागद बघायला आला, जेवला, आणि ती त्याला सोडायला निघाली. तो शेजारच्या सीटवर बसला. त्याचा पाय आपसूक जादा ब्रेकवर गेला.

“पाय काढ, मामा.”

“सवय गं. तू अक्काची मुलगी, भरवसा नाही.”

वळण आलं. तिने दांडी खाली केली. टिकटिक. गाडी डावीकडे वळली, चाक तळहातांखालून फिरत सरळ झालं आणि टक्. दांडी मधे.

“अरे, बंद झाला की! तू केलास?”

“नाही.”

“आपला आपण झाला? बघ, आणि अक्काला मात्र...” मामाने सुस्कारा सोडला. “शेवटी शेवटी बिचारीला तेवढंही भान उरलं नव्हतं.”

ती हूं म्हणू शकली असती. हूं हा किती लहान शब्द. गाडी उद्या विकली गेली असती, मामाला कडी म्हणजे काय ते जन्मात कळलं नसतं, आणि हळूबाई शेवटी विसरायला लागल्या होत्या एवढंच उरलं असतं.

पुढे पाण्याची टाकी दिसली. तिने आरशात पाहिलं, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला.

“काय झालं? बंद पडली?”

“आईला पूर्ण भान होतं, मामा. आतली कडी वाकडी बसली होती. हे चाक मी बसवून घेतलं, तेव्हापासून. ती सांगत होती, मी ऐकलं नाही. ती विसरते हे मीच सगळ्यांना सांगितलं. तुलाही.”

मामाने जादा ब्रेकवरचा पाय मागे घेतला. “त्या दिवशी मीही हसलो होतो गं,” तो म्हणाला. “जाऊ दे आता. तिने कुठे मनावर घेतलं असेल?”

“घेतलं होतं. म्हणून तर किल्ली दिली. तू ज्यांना ज्यांना सांगितलंस, त्यांना परत सांगशील? मी माझ्या लोकांना सांगते. शेजारणीपासून सुरुवात.”

त्याने मान हलवली. पण तिचं बोलून संपलं नव्हतं. तिने नव्या, गुळगुळीत चाकावर दोन्ही हात ठेवले. दोन शब्द होते, त्यांतला एक रोज दुसऱ्यांच्या पानांवर ती समासात लिहीत असे, स्वतःसाठी दोन्ही एकदाही तोंडातून काढले नव्हते. शेजारी मामा बसला होता, तरी ती ते त्याला म्हणाली नाही.

“आई,” ती मोठ्याने म्हणाली, “अंगण खरंच वाकडं होतं गं. मी केलं होतं. माझं चुकलं.”