जाजाच्या डोक्यामागचा सामना

सामना क्लीव्हलंडमध्ये होता, लेऑन व्रोना क्लीव्हलंडमध्येच राहत होता, आणि म्हणूनच सामना बघायला त्याला शंभर मैल लांब जावं लागलं.

यात कोणालाच काही विचित्र वाटत नसे. १९६४ साली अमेरिकन फुटबॉलचा नियमच तसा होता. ज्या शहरात सामना, त्याच्या आसपास पंचाहत्तर मैलांत तो टीव्हीवर दाखवायचा नाही, नाहीतर तिकिटं कोण घेणार? तिकिटं केव्हाच संपली होती, ऐंशी हजारच्या ऐंशी हजार, पण नियमाला हे कोणी कळवलं नव्हतं. त्यामुळे नाताळनंतरच्या त्या रविवारी, अजिंक्यपदाच्या सामन्याच्या दिवशी, सकाळची प्रार्थना आटोपून अर्धं शहर स्टेडियमकडे निघालं आणि उरलेलं अर्धं स्टेडियमकडे पाठ करून निघालं. दोन्ही बाजूंचे रस्ते तुंबले. लेऑनच्या घरापासून स्टेडियम चार मैलांवर. वारा तळ्याकडून असला की घरात आरोळ्या ऐकू यायच्या. तो गाडीत बसला आणि पूर्वेला, एरी गावातल्या एका मोटेलच्या दिशेने, सुटला.

गाडीत चौघं होती. चालवायला लेऑन. शेजारी त्याची बायको इरेना, मांडीवर नाताळचं उरलेलं सगळं घेऊन: सॉसेज, हॅम, खसखशीचा रोल आणि बीट-मुळ्याची ती चटणी, जी खाल्ली की माणसाला आपली सगळी पापं आठवतात. मागे इरेनाचा भाऊ चेस्टर. आणि चेस्टरच्या शेजारी, कोट, मफलर आणि हॅट घालून, जाजा.

जाजा म्हणजे पोलिशमध्ये आजोबा. ते लेऑनचे वडील, पण लेऑनला मुलं झाल्यापासून घरातले, गल्लीतले आणि तारेच्या कारखान्यातलेही सगळे त्यांना जाजाच म्हणत. लेऑनसुद्धा.

"एक सांगून ठेवतो," चेस्टर म्हणाला. "मला जाजांबद्दल आदर आहे."

"पण," जाजा म्हणाले.

"पण आकडे आकडे असतात. एक्कावन्न साली तुम्ही टीव्ही घेतला. आपण अजिंक्यपदाच्या सामन्यात गेलो, तुम्ही बघितला, आपण हरलो. बावन्नला तिकीट काढून स्टेडियमात गेलात. हरलो. त्रेपन्नला बघितलात, एका गुणाने हरलो."

"त्या दिवशी मला मधेच डुलकी लागली होती," जाजा म्हणाले.

"म्हणूनच एका गुणाने. चोपन्नला तुमचं हर्नियाचं ऑपरेशन. जिंकलो! पंचावन्नला तुमची पाळी होती कारखान्यात. जिंकलो! सत्तावन्नला परत बघितलात—"

"चेस्टर, पुरे," इरेना म्हणाली.

"एकोणसाठ-चौदाने हरलो," चेस्टर म्हणाला.

ते एकोणसाठ-चौदा लेऑनला नीट आठवत होतं. त्या दिवशी टीव्ही बंद करून तो वडिलांकडे वळला होता आणि म्हणाला होता, "जाजा, तुमची नजर लागते हो. नका बघत जाऊ." तेव्हा त्याचं वय अठ्ठावीस होतं आणि पोटात चार बियर होत्या. जाजांनी मान डोलावली. त्यानंतर सात वर्षं, दर रविवारी सामना सुरू झाला की ते उठून मागच्या खुराड्यात कबुतरांपाशी जाऊन बसत. त्यांना कबुतरांत रस नव्हता. कबुतरांनाही त्यांच्यात नव्हता. पण सात वर्षं दोन्ही बाजूंनी निभावून नेलं.

आणि आता डोळे चालले होते. डावा गेलाच होता. उजव्याने किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं दिसे, तेही वस्तू जवळ धरली तर. जानेवारीत ऑपरेशन होतं. डॉक्टर म्हणाले होते, बरं होईल किंवा नाही होणार. एवढं नेमकं निदान ऐकून जाजा घरी आले आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "हा सामना मला बघायचाय."

चेस्टरने काटा खाली ठेवला होता. मग रात्रीपर्यंत चर्चा होऊन तोडगा निघाला: जाजांनी यायचं, पण बघायचं नाही.

मोटेलची खोली दोघांची होती. साडेबारापर्यंत जाजांना सोडून तीत चौदा माणसं झाली. लेऑनच्या कारखान्यातले सहा जण, शेजारच्या खोलीचा टीव्ही बिघडला म्हणून तिथले चार, आणि एक जण जो कोणाचाच नव्हता, पण बियरची पेटी घेऊन आल्यामुळे त्याची चौकशी झाली नाही. चेस्टरने सगळ्यांना एक्कावन्नपासूनचे आकडे सांगितले. सगळ्यांनी माना हलवल्या आणि जाजांकडे आदराने बघितलं, म्हणजे माणूस स्फोटकांकडे बघतो तसं.

मग जाजांना बाथरूममध्ये नेण्यात आलं. टबमध्ये उशी ठेवली, जाजांना कोट-हॅटसकट टबात बसवलं, दाराकडे पाठ. हातात खसखशीचा रोल दिला. दार थोडं उघडं ठेवलं, कारण आत हीटर नव्हता.

"ठीक आहे ना, जाजा?" लेऑनने विचारलं.

"फर्स्ट क्लास," जाजा टबातून म्हणाले. "फक्त वल्हं द्या."

सामना सुरू झाला. बाल्टिमोरचा संघ भारी होता. सगळ्या वर्तमानपत्रांनी तसं लिहिलं होतं, क्लीव्हलंडच्यासुद्धा. पडद्यावर वारा दिसत होता, माणसांच्या तोंडची वाफ आडवी जात होती. हे पुढे रेटायचे, ते मागे ढकलायचे. बियरमुळे दर दहा मिनिटांनी कोणाला तरी बाथरूम लागे. मग चेस्टर "जाजा येताहेत!" असा पुकारा करी, जाजा डोक्यावरून टॉवेल घेऊन बाहेर येत, भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि काम झालं की पुन्हा टबात जात. एकदा मोटेलची मालकीण डोकावली. चौदा माणसं आणि भिंतीपाशी टॉवेल पांघरलेला म्हातारा बघून तिने दार हळूच लावून घेतलं.

मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य.

"बघितलंत?" चेस्टर म्हणाला. "बाल्टिमोर! शून्य! टब काम करतोय."

लेऑन सॉसेजची बशी घेऊन बाथरूममध्ये गेला. जाजा हनुवटी वर करून समोर बघत होते. त्याने त्यांच्या नजरेच्या रोखाने बघितलं. भिंतीवरच्या औषधांच्या कपाटाचं आरशाचं दार कोणीतरी अर्धवट उघडून बरोब्बर तिरकं लावलं होतं, आणि त्या आरशात, दाराच्या फटीतून, टीव्ही दिसत होता. पत्त्याच्या पानाएवढा, उलटा-सुलटा.

"जाजा," लेऑन म्हणाला.

"चेस्टरला सांगू नकोस," जाजा म्हणाले.

"सुरुवातीपासून?"

"राष्ट्रगीतापासून."

"आणि दिसतंय काय एवढ्या लांबून?"

जाजांनी सॉसेज चावत थोडा विचार केला. "दिसत काही नाही," ते म्हणाले. "एक करडा चौकोन आहे. त्यात काहीतरी हलतंय एवढं कळतं. हललं की मी समजतो, आपलेच आहेत."

लेऑनने बशी बेसिनवर ठेवली. तासभर हा माणूस टबात बसून, मान अवघडून, एक करडा चौकोन बघत होता, आणि तोही चोरून.

"उठा," तो म्हणाला.

"कोणाला लागलीय?"

"कोणाला नाही. उठा."

लेऑन त्यांना हात धरून बाहेर घेऊन आला. टॉवेल नाही, काही नाही. तेरा माणसं एकदम उठली. खोलीत तेवढी जागा नसल्यामुळे त्यातली काही पुन्हा बसली.

"लेऑन, शुद्धीवर ये," चेस्टर म्हणाला. "शून्य-शून्य आहे! शून्य-शून्य असताना कोणी जाजा बाहेर काढतं का?"

"त्यांनी पहिला अर्धा बघितलाय. आरशातून."

चेस्टर सावकाश म्हणाला, "आरशात उलटं दिसतं. म्हणजे नजर उलटी लागली. बाल्टिमोरला लागली! त्यांना परत आरशापाशी न्या!"

"ते टीव्हीसमोर बसणार."

"मतदान घेऊ या," बियरची पेटी आणणारा म्हणाला.

मतदान झालं. जाजांनी टबात जावं, बारा मतं. बसू द्यावं, दोन: लेऑन आणि इरेना. जाजांना मत नव्हतं, पण त्यांनी टबाच्या बाजूने हात वर केला होता.

"जाऊ दे रे," जाजा म्हणाले. "टब बरा आहे. सवय झाली."

हे 'सवय झाली' लेऑनला कुठेतरी टोचलं. त्याने टीव्हीच्या बटणावर हात ठेवला.

"खोली माझ्या नावावर आहे," तो म्हणाला. "जाजा इथे बसतील, नाहीतर मी टीव्ही बंद करतो आणि आपण सगळे चौदा जण कबुतरं बघायला जातो."

इरेनाने खुर्ची ओढली. पण खुर्चीतून जाजांना काही दिसेना. मग पुढे सरकवली. तरी दिसेना. आणखी पुढे. शेवटी खुर्ची टीव्हीला टेकली आणि जाजांचं नाक पडद्यापासून वीतभर अंतरावर आलं, तेव्हा ते म्हणाले, "हां!"

आणि उरलेल्या सगळ्यांना टीव्ही दिसेनासा झाला.

"हॅट काढा, जाजा!" मागून कोणी ओरडलं. जाजांनी हॅट काढली. आत त्याच मापाचं डोकं होतं.

दुसरा अर्धा सुरू झाला. "काय चाललंय? जाजा, सांगा तरी!"

"पळताहेत," जाजा म्हणाले. "आपले पळताहेत. आता थांबले. आता एक जण लाथ मारणार. मारली. चेंडू वर गेला. अजून वर गेला. परत येत नाहीये."

टीव्हीतून ऐंशी हजार माणसांची गर्जना आली. तीन-शून्य.

जाजांना आपल्यामुळे लोकांची अडचण होतेय हे समजलं. "मी जरा बाजूला होतो," म्हणत ते उठू लागले.

"हलू नका!" बारा जण एकदम ओरडले. चेस्टरने धावत येऊन त्यांचे खांदे दाबून धरले. "जाजा, देवाशपथ सांगतो, मानसुद्धा हलवायची नाही!"

त्यापुढे तास-सव्वातास कोणी काही बघितलं नाही. पंचाहत्तर मैलांचा नियम चुकवून, बर्फातून शंभर मैल गाडी हाकून आलेली माणसं एका म्हाताऱ्याच्या डोक्याची मागची बाजू टक लावून बघत होती. लेऑन सगळ्यांत जवळ होता. पांढरे, मऊ, कानामागे जरा कुरळे केस. कॉलरचा उसवलेला टाका, जो आई असती तर उसवलेला राहिला नसता. उजव्या कानाला बरणीच्या कानासारखा आकार, कडेने पडद्याचा निळसर उजेड. आणि त्या डोक्यापलीकडून सामना ऐकू येत होता.

"झिगमुंड सुटला! झिगमुंड! अरे चेंडू पकड रे बाबा… पकडला! खांबाआड लपला होता लबाड!"

गर्जना. दहा-शून्य.

"झिगमुंड कोण?" पेटीवाल्याने कुजबुजत विचारलं.

"कारखान्यातला क्रेनवाला," लेऑन म्हणाला. "एकोणपन्नास साली वारला."

पेटीवाल्याने मान डोलावली. "चांगला पळतोय."

झिगमुंडने पुन्हा टचडाउन केला, म्हणजे चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे गेला. भट्टीवरचा स्टास बाल्टिमोरच्या तिघांना घेऊन आडवा झाला. जाजांबरोबर एकाच बोटीतून आलेल्या युझेफने, ज्याला पाण्याची भीती होती, चिखलात उडी मारून चेंडू अडवला. बारा मतांना बाथरूम लागली होती आणि एकही मत जागचं हललं नाही. सतरा-शून्य. वीस-शून्य. शेवटी झिगमुंडने तिसऱ्यांदा, जाजांच्या म्हणण्याप्रमाणे, 'बाजारच्या दिवशी घोडा सुटतो तसा' धावत जाऊन सत्तावीस-शून्य केलं, आणि चेस्टर रडायला लागला.

परतीच्या वाटेवर तो मागे जाजांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला. समोरून येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

"जाजा," लेऑन आरशात बघून म्हणाला. "खरं सांगा. दिसलं?"

"दिसलं की."

"सगळं?"

"दिसायचं तेवढं दिसलं. बाकीचं मी भरलं." जाजा थोडं थांबले. "तुमच्यातलं कोणी बघत नव्हतं. कोणीतरी भरायला नको?"

लेऑनकडे सात वर्षं अडकलेलं माफीचं एक वाक्य होतं. ते बाहेर काढायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात जाजा म्हणाले, "रस्त्याकडे बघ. आता तुझी नजर आहे." आणि डोळे मिटून घेतले.

जानेवारीतलं ऑपरेशन डॉक्टरांच्या मते यशस्वी झालं. जाजांचं मत वेगळं होतं. तरीही दर रविवारी चेस्टर गाडी घेऊन यायचा, त्यांना टीव्हीसमोर वीतभर अंतरावर बसवायचा आणि स्वतः मागे त्यांच्या डोक्याकडे तोंड करून बसायचा. पुढे एकदा जाजा गेले. त्यांच्या अंत्यसंस्काराला सगळ्यांत जास्त चेस्टर रडला. "आता आपलं कसं व्हायचं?" तो शवपेटीला विचारत होता, आणि त्याला संघ म्हणायचाय की घर, हे कोणी विचारलं नाही. संघ त्यानंतर अजिंक्यपदाचा सामना जिंकला नाही. आकडे आकडे असतात.

तीस वर्षांनी लेऑनच्या मुलीने, क्रिस्टिनाने, कुठूनतरी त्या सामन्याची कॅसेट आणली. लेऑन तेव्हा जाजांच्या वयाचा झाला होता. सगळी नातवंडं जमली. कॅसेट लावली. लेऑन पाच मिनिटं बघत राहिला, मग अस्वस्थ झाला. मैदान फार मोठं होतं. माणसं फार स्पष्ट होती. काहीच ओळखीचं नव्हतं.

"आजोबा, तुम्ही हा बघितलाय ना?" धाकट्या नातवाने विचारलं.

"तर! सगळ्यांत पुढे बसून."

त्याने उठून आवाज बंद केला. खुर्ची टीव्हीपर्यंत ओढली, इतकी की मागच्या पोरांनी ओरडा केला. "डोकं! आजोबा, डोकं!"

"हलायचं नसतं," लेऑन म्हणाला. "झिगमुंड सुटला बघा! खांबाआड लपलाय, लबाड!"

"कॅसेटच्या डबीवर तर वेगळंच नाव आहे," थोरला नातू मान वाकडी करून म्हणाला. "कोण झिगमुंड?"

"क्रेनवाला," लेऑन म्हणाला.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज थांबला, आणि इरेना म्हणाली, "चांगला पळायचा हो."