न मागितलेलं वाक्य

डॉक्टरबाईंनी पोटाच्या डाव्या बाजूला चार बोटांनी दाबलं, तेव्हा मुलीच्या पायांची बोटं आखडली. हिरव्या पडद्याच्या कडेला स्टुलावर बसलेल्या वडिलांना तेवढंच दिसत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

"उठा आता," हात धुता धुता डॉक्टरबाई म्हणाल्या. "स्टिरॉइडवर किती काढणार? चेहरा बघा कसा सुजलाय. नवीन औषध सुरू करू. सलाइनमधून द्यायचं असतं."

"शेजारच्या काकूंनी टॉनिकची बाटली आणून दिलीय," मुलगी पलंगावरून उतरत म्हणाली. "प्रतिकारशक्ती वाढव म्हणे."

"ती बाटली काकूंनाच परत द्या. तुमची प्रतिकारशक्ती कमी नाहीये हो, जरा जास्तच उत्साही आहे. स्वतःच्याच आतड्याला परकं समजून झोडपत सुटलीय. आपल्याला तिचा हात आवरायचाय."

"म्हणजे दंगल माझ्या पोटात, आणि लाठ्या चालवतायत पोलीसच."

डॉक्टरबाई हसल्या. "असंच काहीसं. फक्त एक आहे. त्याच पोलिसांनी कधीकधी एखादा जुना गुन्हेगार आत कोंडून ठेवलेला असतो. क्षयाचे जंतू असे वर्षानुवर्षं गप्प पडून राहतात. पोलिसांना रजा दिली, की ते बाहेर पडतात आणि मग आवरत नाहीत. तुमची रक्ताची चाचणी ठीक आहे, छातीचा फोटोही ठीक आहे. तरी विचारते. घरात कधी कुणाला क्षय झाला होता?"

"नाही," मुलगी म्हणाली. ती शाळेत शिकवायची; वर्गात हजेरी घेताना लागतो तसा तिचा आवाज होता. "कुणालाच नाही."

स्टुलावर वडिलांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

त्यांची सगळी हयात विंगेत गेली होती. नाटक कंपनीत ते प्रॉम्प्टर होते. नटाला वाक्य आठवलं नाही की ते हळूच पुरवायचं, एवढंच काम. कंपनीतली तरुण मंडळी त्यांना कुजबुजकाका म्हणत आणि ते कधी रागावले नाहीत. कामाचा एकच नियम त्यांनी पाळला होता. नटाची नजर विंगेकडे आली, की वाक्याचे पहिले दोन शब्द सोडायचे. नजर आली नाही, तर तोंड मिटून बसायचं. थांबलेला नट विसरलेलाच असतो असं नाही. त्याच्या थांबण्यात आपण बोललो, तर रंगलेल्या प्रवेशाचा बेरंग करतो. आणि चुकीचं वाक्य जो ठामपणे म्हणतो, त्याला तर कधीच अडवायचं नाही.

मुलगी बाहीचं बटण लावत होती. त्यांनी वाट पाहिली. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मग सोमवारी या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर टॅक्सी दोनदा थांबवावी लागली. या रस्त्यावरच्या दुकानांची नावं मुलीला ठाऊक नव्हती, पण कुठल्या दुकानाच्या मागे संडास आहे हे तोंडपाठ होतं. दुसऱ्या वेळी ती चपलांच्या दुकानातून बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

"त्या दुकानदाराला वाटतं मला त्याचं दुकान फार आवडतं," दार ओढून घेत ती म्हणाली. "एकदा एखादा जोड घ्यायला पाहिजे बिचाऱ्याकडून."

"सोमवारनंतर घेऊ," वडील म्हणाले.

"सोमवारनंतर मी शाळेत जाणार बाबा. मुख्याध्यापिका बाईंना सांगून ठेवलंय. नवीन सत्राला मी वर्गात असणार, मधेच पळून न जाता." मग हसून म्हणाली, "आई असती, तर सोमवारी नक्की तिचा कुठेतरी दौरा असता."

ही तिची जुनी थट्टा होती. आईला जाऊन दोन वर्षं झाली तरी थट्टेची धार गेली नव्हती. मुलगी तान्ही असताना कंपनीत नटी असलेली आई तिला आत्याच्या ओटीत टाकून वर्षभर दौऱ्यावर गेली होती; नातेवाइकांनी ते तिला इतक्यांदा सांगितलं होतं, की ते तिला स्वतःला आठवतं असं वाटायचं. परत आल्यावरही आई कधी गाल पुढे करायची नाही. मुलगी गळ्यात पडायला आली की मान वळवायची. नटीबाई, असं मुलगी चिडून म्हणायची.

दौरा खरा होता. कंपनी गावोगाव फिरत होती, वडील विंगेत होते. फक्त आई दौऱ्यावर नव्हती. ती डोंगरावरच्या एका इस्पितळात होती, क्षयाच्या रोग्यांच्या लांबलचक खोलीत. कंपनीत कळलं असतं, तर तिच्यासमोर उभं राहून कुणी वाक्य म्हटलं नसतं. "कुणाला सांगायचं नाही," एवढंच ती म्हणाली होती. पुढे मुलीचं लग्न व्हायचं होतं म्हणून सांगितलं नाही. लग्न झालं आणि मोडलं, तेव्हा ती वेळ नव्हती. मग आईच गेली. आणि गेलेल्या माणसाची बाजू मांडायची, तर आपण इतकी वर्षं का मांडली नाही, हेही सांगावं लागलं असतं.

शनिवारी कंपनीत तालीम होती. नवीन नाटकाच्या दुसऱ्या अंकात नायिका कपाटाची किल्ली फुलांच्या कुंडीत लपवते, आणि तिसऱ्या अंकात विनोदी नट ती शोधून काढतो. नायिका नवखी होती. एका वाक्यावरून ती सरळ पुढच्या पानावरच्या वाक्यावर गेली, इतक्या आत्मविश्वासाने, की किल्लीचं पान गळलं हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. काकांच्या लक्षात आलं. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. ती विंगेकडे बघत नव्हती.

तिसऱ्या अंकात विनोदी नटाने कुंडीत कोपरापर्यंत हात घातला. खालीवर केला. माती उडाली.

"अहो कुजबुजकाका," तो ओरडला, "किल्ली चुकून तुमच्या खिशात राहिली का? की मी असाच झाडं लावत बसू?"

सगळे हसले. नायिका लाल झाली. खुर्चीवर बसून लोकर विणणाऱ्या मोठ्या बाई, कंपनीतल्या सगळ्यांत जुन्या नटी, मात्र हसल्या नाहीत.

"तुम्हाला कळलं होतं ना?" त्यांनी सुया न थांबवता विचारलं.

"कळलं होतं."

"मग दिलं का नाही वाक्य?"

"तिने बघितलं नाही माझ्याकडे."

"अहो, आपण चुकतोय हेच जिला माहीत नाही, ती बघेल कशाला?" मोठ्या बाईंनी लोकरीचा गुंडा जवळ ओढला. "नशीब तालीम होती."

काकांनी संहितेचं पान उलटलं, पुन्हा मागे आणलं, आणि त्या दुपारी पुढची दोन वाक्यं त्यांनी चुकीच्या नटाला दिली.

रविवारी ते तीनदा विषय काढायला गेले. पहिल्यांदा मुलगी आंघोळीला गेली. दुसऱ्यांदा ते हवेबद्दल बोलले. तिसऱ्यांदा ती शाळेची पुस्तकं कपाटातून काढून पुसत होती, आणि तिला इतक्या दिवसांनी गुणगुणताना ऐकून ते नुसतेच दारात उभे राहिले.

सोमवारी ती आरामखुर्चीत पाय लांब करून बसली. खोलीत अशा पाच-सहा खुर्च्या होत्या, मधे पडदे. वडील पडद्यालगत बसले. सिस्टरने हाताला सुई टोचली, चिकटपट्टी लावली, औषधाची पिशवी दांडीला अडकवली.

"ताप वगैरे नाही ना? खोकला?"

"नाही."

"घरात कुणाला क्षय, असं काही?"

"सिस्टर, सगळं सांगून झालंय डॉक्टरबाईंना. नाही." मुलगी वडिलांकडे न बघताच म्हणाली, "बाबा, तुम्ही घरी जा. मला काही होत नाही."

सिस्टरचा अंगठा नळीच्या चक्रीवर गेला.

"थांबा."

पलीकडच्या पडद्यामागून कुणीतरी डोकावलं. आवाज इतका मोठा निघाला होता, की तो आपलाच आहे हे कळायला वडिलांना क्षणभर लागलं. ते उठून उभे राहिले होते.

"हिच्या आईला क्षय झाला होता," ते म्हणाले. "ही अंगावर पीत होती तेव्हा."

मुलगी आधी हसली. "काहीतरीच काय बाबा!" मग तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

सिस्टरने चक्री घट्ट केली आणि ती डॉक्टरबाईंना बोलवायला गेली.

डॉक्टरबाई आल्या, त्यांनी वडिलांना बसवलं, चारपाच प्रश्न विचारले. किती महिने? औषध पूर्ण घेतलं होतं का? बाळ जवळ असायचं का?

"निदान व्हायच्या आधी असायचं," वडील म्हणाले. "दिवसरात्र."

"पण माझी चाचणी ठीक आहे ना?" मुलगी म्हणाली.

"तुम्ही स्टिरॉइडवर आहात. त्यात ती चाचणीही कधीकधी गप्प बसते. छातीच्या फोटोत सगळं दिसतंच असं नाही. म्हणून तर तोंडाने विचारायचं." डॉक्टरबाईंनी पिशवीकडे पाहिलं. "आज नाही देत. छातीच्या डॉक्टरांना दाखवू, सखोल तपासणी करू. बहुतेक क्षयाच्या प्रतिबंधक गोळ्या आधी सुरू कराव्या लागतील. महिनाभर तरी."

"महिनाभर," मुलगी म्हणाली.

"त्रास होणार, मला कळतंय. पण हे आज आत गेलं असतं तर..." त्या वडिलांकडे वळल्या. "बरं झालं, सांगितलंत."

'बरं झालं' हे शब्द वडिलांपर्यंत पोचलेच नाहीत. ते मुलीच्या हाताकडे बघत होते. सिस्टर चिकटपट्टी सोडवत होती आणि पट्टीबरोबर हातावरची लव ओढली जात होती.

बाहेरच्या व्हरांड्यात लोखंडी बाकांची रांग होती. मुलगी संडासात जाऊन आली, मग दोघं शेजारी शेजारी बसली. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

"दौरा नव्हताच तर."

"नाही."

"आणि ती मान वळवायची..."

"पूर्ण बरी झाली होती ती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता काही भीती नाही. पण सवय गेली नाही. तू जवळ आलीस की श्वासच धरायची."

समोरून एक सेवक रिकामी खाट ढकलत गेला. तिचं एक चाक करकरत होतं.

"शेवटी हृदयामुळे खोकला लागायचा तिला, आठवतं?" ती म्हणाली. "मी कॉटवर बसले की हाताने ढकलायची. लांब बस म्हणायची. मला वाटलं, आतासुद्धा? मी बाहेर येऊन बसायचे. अशाच बाकावर. उत्तरपत्रिका तपासत." तिने नाक पुसलं. "ती गेली तेव्हाही बाहेरच होते मी."

वडिलांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"तुम्ही जायचात तिच्याकडे? त्या इस्पितळात?"

"एकदा गेलो होतो. तिच्या जागी जिला उभी केली होती तिला काही पाठ नव्हतं. प्रत्येक वाक्य मीच द्यायचो. मला सोडायचेच नाहीत."

"एकदाच?"

"एकदाच."

ते गेले तेव्हा भेटीची वेळ टळली होती. दरवान आत सोडेना. मग ते इमारतीला वळसा घालून मागे गेले आणि तिच्या खिडकीखाली उभे राहिले. खिडकी वरच्या मजल्यावर होती, काच बंद. ती आली. त्यांनी हात हलवला. तिने हात हलवला नाही. ती बोलू लागली. सावकाश, बराच वेळ. ऊन काचेवर होतं. ज्यांच्या पोटाला दुसऱ्यांच्या ओठांकडे बघून भाकरी मिळत होती, त्यांना तिच्या ओठांवरचा एक शब्द उचलता आला नाही. त्यांनी मान डोलावली, सगळं समजल्यासारखी. तिचा चेहरा निवला आणि ती आत गेली. पुढे सबंध संसारात त्यांनी तिला विचारलं नाही, तू तेव्हा काय म्हणालीस. कारण त्यांनी मान डोलावली होती.

"बाबा."

मुलीने पर्स बाजूला ठेवली होती.

"तिथे असताना माझ्याबद्दल काय म्हणायची ती?"

आता ती त्यांच्याकडे बघत होती. वाक्य मागणारी ही नजर ते हजार नजरांत ओळखू शकले असते. त्यांचे ओठ आपोआप विलग झाले.

व्हरांड्याच्या टोकाला कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. ते त्यांचं नव्हतं.

"सावकाश सांगा," मुलगी म्हणाली, आणि बाकावर त्यांच्या जवळ सरकली.