सदतीस नंबरचा पंखा

उजवीकडच्या दारातून कुणीतरी आत शिरलं. ग्युचानला ते दिसलं, तो वळ

ला, तेव्हा मरून पडला होता.

मधलं काहीच दिसलं नाही. चित्र थबकलं, आणि जग पुढे निघून गेल्यावर परत हललं. पहिली पाच-सात मिनिटं कसं लोण्यासारखं चाललं होतं! मग हे सुरू झालं. एकदा, दोनदा, आणि मग दर वळणा

वर.

"सामना गेला," हेडफोनमध्ये सोलहून कोचचा आवाज आला. "वीस मिनिटं सुट्टी. मग दुसरा."

प्यो ग्युचान तेवीस वर्षांचा होता. कॉम्प्युटरवरच्या या गोळीबाराच्या खेळात तेविसावं वर्ष म्हणजे उतारवय. आज तीन सामन्यांची चाचणी होती आणि संघात जागा एकच होती. हिवाळ्यात सैन्यात भरती व्हायचं होतं. संघात नाव लागलं तर भरती पुढे ढकलता येत होती. नाही लागलं, तर दीड वर्ष बंदूक खरी, आणि परत येईपर्यंत बोटांचं काय होईल ते बोटांनाच ठाऊक.

हात की मशीन?

हा प्रश्न त्याला मोठ्याने विचारायचा नव्हता. हरल्यावर मशीनला बोल लावणाऱ्याला इथे शाळकरी पोरंसुद्धा उभं करत नाहीत. पण काल याच सदतीस नंबरच्या मशीनवर तो दुपारपासून रात्रीपर्यंत खेळला होता, आणि एकदाही

नाही, काल एकदाही नाही.

"मावशी! सदतीस अडकतंय."

यॉन मावशी रामेन नूडल्सच्या भांड्यात अंडं फोडत होत्या. डेगूतल्या या गेमिंग कॅफेच्या त्या मालकीण, स्वयंपाकीण आणि डॉक्टरही. त्यांच्याकडे औषध एकच. "बंद कर, चालू कर."

ते औषध लागू पडायचंही. इथल्या एकाही मशीनला स्वतःची डिस्क नव्हती. सगळं मागच्या खोलीतल्या सर्व्हरवरून यायचं. कुणी काहीही घाण करून ठेवो, बंद करून चालू केलं की मशीन नुकतं जन्मलेलं. त्यामुळे इथे कुणी कशालाच घाबरत नसे.

बंद. चालू. रिकाम्या मैदानात एक फेरी मारली. छान चाललं. आणखी एक. छान. आणखी ए

क.

"दुसरीकडे बस की," मावशी म्हणाल्या.

"काल हेच मशीन तपासून नोंदवून घेतलंय संघवाल्यांनी. बदललं तर बाद."

"मग पुन्हा बंद कर."

"मावशी, तुमच्याकडे दुसरं काही आहे का?"

"रामेन आहे."

शेजारच्या खुर्चीत बोंग काका पडद्यावरच्या बादुकच्या पटावर काळी सोंगटी कुठे ठेवावी याचा विचार करत होते. चाळीस वर्षं कापडाच्या गिरणीत काढलेला माणूस. रोज सकाळी सदतीसवर बसायचे. आज दुपारी ग्युचानसाठी उठून अडतीसवर आले होते.

"गिरणीत नवा गडी असाच मागाला शिव्या द्यायचा," ते म्हणाले. "माग बिचारा गप्प. दोष सुताच्या गाठीत."

"काका, आत्ता नको हो."

त्याने कोपऱ्यात तापमानाचा आकडा लावला. साठ. खेळ सुरू केला. सत्तर. ऐंशी. आकडा नव्वद ओलांडून थोडा पुढे गेला आणि चित्र थब

कलं. आकडा उतरला, चित्र हललं. म्हणजे तापलं की मशीन स्वतःच धीमं होत होतं. त्याने वाकून पेटीला कान लावला. पस्तीस, छत्तीस, पलीकडची अडतीस, सगळी मशीनं घोंगावत होती. सदतीस मात्र नुसतं कुजबुजत होतं.

"पंखा फिरतच नाहीये नीट!"

"फिरतोय की," बोंग काका खुशीत म्हणाले. "सकाळी मीच शांत केला तो. केवढा भणभण करायचा!"

ग्युचान सरळ झाला. "कसा शांत केला?"

"तो दुरुस्तीवाला आला होता तेव्हा बघून ठेवलेलं. सुरू होताना डिलीट दाबायचं. निळा पडदा येतो, पंख्याचं चित्र असतं, तिथे ‘शांत’ करायचं. पण मी जाताना बंद करून चालू केलं हां! नियम आहे ना. सगळं पुसलं जातं."

"ते नाही पुसलं जात, काका! ते फर्मवेअर आहे. ते सर्व्हरवर नसतं, या पेटीतल्या बोर्डावरच असतं!"

काकांच्या हातातला माऊस जागीच राहिला. "म्हणजे पहिला सामना..."

ग्युचानचं बोट बटणावर गेलं होतं. बंद. चालू. डिलीट. निळा पडदा. पंखा: पूर्ण वेग. जतन. मशीन उठलं. कान लावला. कुजबुज. पुन्हा निळा पडदा. तिथे लिहिलेलं: पूर्ण वेग. कान. कुजबुज.

मावशींनी दुरुस्तीवाल्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. "त्या फर्मवेअरची खोडच आहे," तो जेवता जेवता बोलला. "एकदा शांत केला की वर दाखवतं एक, करतं भलतंच. नवीन फर्मवेअर घालावं लागेल. अर्धा तास. मध्ये वीज गेली तर बोर्ड मेला. मी येईपर्यंत हात लावू नका."

"ग्युचान, तयार?" कोच.

"तयार," ग्युचान म्हणाला. तोवर मावशींनी पेटीची बाजू उचकटली होती, आणि बोंग काका काउंटरवरचा टेबलफॅन दोन्ही हातांत धरून गुडघ्यांवर बसले होते.

"जवळ धरा. तारांना लावू नका."

"मला शिकवू नकोस, मी चाळीस वर्षं..."

"काका!"

"धरलाय."

दुसरा सामना अडखळला नाही. एकदाही नाही. उजवं दार, वळला, मारलं. जिना, मारलं. आकडा ऐंशीवर बसून राहिला. शेवटची फेरी त्याने एकट्याने काढली, समोर तिघं असताना.

जिंकले.

"चांगला खेळलास," कोच म्हणाला. "पहिल्यात काय झालं होतं? हात थरथरले?"

हो म्हणायचं. दडपण आलं, घाबरलो, आता सावरलो. हे कुणालाही चाललं असतं. मग तिसरा सामना, आणि तो तर त्याच्या हातात होता.

"मशीन तापत होतं," ग्युचान म्हणाला. "मी आधी तपासलं नाही. आत्ता पेटी उघडी आहे. एक काका पंखा धरून बसलेत."

पलीकडे कुणीतरी हसलं.

"पहिला सामना धरत नाही," कोच म्हणाला.

ग्युचानने श्वास सोडला.

"दुसराही नाही. नोंदवलेलं मशीन उघडलंस. सोमवारी इथे ये. आमच्या मशीनवर, पहिल्यापासून."

आवाज बंद झाला.

"काय म्हणाला?" बोंग काकांनी खालून विचारलं. पंखा अजून तसाच धरलेला.

"सोलला बोलावलंय. जिंकलेला सामना गेला."

"आणि हरलेला?"

"तोही."

"मग बरंच झालं की!" मावशी म्हणाल्या.

काकांनी पंखा हळूच जमिनीवर ठेवला. तो तिथूनही वारा घालत राहिला. ग्युचानने रिकामं मैदान पुन्हा उघडलं. समोर कुणी नव्हतं. तो भिंतीवर गोळ्या झाडत राहिला, दार, वळण, जिना, आणि प्रत्येक गोळी वेळेवर लागत होती. तरी वळताना दर खेपेला त्याचं बोट क्षणभर थांबत होतं, चित्र थबकेल म्हणून.