गोदामाची नोकरी

आकाराम शेळके चोवीस वर्षं तोफखान्यात होते. हवालदार होऊन गावी परतले तेव्हा त्यांच्या डाव्या कानाला जवळजवळ ऐकू येत नव्हतं. लोणंदपासून आठ किलोमीटरवर आमचं गाव, त्यांचं नि माझं घर शेजारी. घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळे त्यांचा मुलगा वीरधवल भरती होणार हे त्याच्या बारशालाच ठरलं होतं. सोळाशे मीटर तो पाच मिनिटांच्या आत पळायचा. पण करोनात दोन वर्षं भरतीच निघाली नाही. मग चार वर्षांची नवी योजना आली आणि वयाच्या अटीत तो अडीच महिन्यांनी बसला नाही. आकाराम ओळखीच्या साहेबांना भेटून आले. ते अडीच महिने कुणाच्याच हातात नव्हते.

नंतर त्यानं शिरवळच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम केलं. तिथं असतानाच मोबाईलवर सांगलीच्या एका एजंटाची जाहिरात आली. रशियात गोदामावर सुरक्षा मदतनीस, राहणं-खाणं त्यांचं.

"तिकडं लढाई चाललीया की रं," शालूबाई म्हणाल्या.

"आई, लढाई पार बॉर्डरवर हाय. गोदाम लय आत हाय."

"करारनामा बघितलास का?" आकारामांनी विचारलं.

"तिथं गेल्यावर देत्यात म्हणं."

आकारामांना ते पटलं नाही. पण पोरगं दोन वर्षं घरात मान खाली घालून जेवत होतं, ते त्यांच्यानं बघवत नव्हतं. संध्याकाळी पारावर त्यांनी विषय काढला. पारावर दादासो होते. दादासो म्हणजे आमच्याकडचे पुढारी. तालुक्याच्या बाहेर फारसे जात नाहीत, पण जगाचं राजकारण त्यांना तोंडपाठ.

"रशिया आपला जुना दोस्त हाय," दादासो म्हणाले. "तेल आपण त्यांच्याकडनं घेतो, इमानं फ्रान्सकडनं, आन् अमेरिकेच्या बी गळ्यात हात. सगळ्यांशी गोड. आता आपल्या एका फोनवर लढाया थांबत्यात, आकाराम. तुमच्या पोराला कोण हात लावतंय तिकडं?"

फेब्रुवारीत वीरधवल गेला. पहिले आठ-दहा दिवस फोटो आले. बर्फ, लोखंडी खाटा, आणि शेजारच्या खाटेवरचा हरियाणाचा बलजीत. बलजीतचे वडीलही फौजी. आकारामांनी त्यांचा नंबर मागून घेतला आणि दोघे निवृत्त हवालदार फोनवर हिंदीत पलटणीच्या गोष्टी करू लागले.

मग पंधरा दिवस काहीच नाही. एका रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल आला. वीरधवलच्या मागे एक खिडकी होती, तिला काचेऐवजी प्लास्टिक लावलेलं. तो बोलत असताना ते प्लास्टिक एकदम आत फुगलं आणि धप्प असा आवाज आला.

"काय रं त्ये?" शालूबाईंनी विचारलं.

"काय न्हाई आई, रस्त्याचं काम चाललंय. सुरुंग लावत्यात."

आकारामांनी फोन स्वतःकडे घेतला आणि उजव्या कानाला लावला. वीरधवल जेवणाबद्दल काहीतरी सांगत होता. त्याच्या बोलण्यामागे पुन्हा आवाज झाला. आधी लांबलेली शिट्टी, मग धप्प. सुरुंगाला शिट्टी नसते. आकारामांनी कारगिलच्या लढाईत द्रासला दोन महिने हा आवाज ऐकला होता. तोफ आपली असली तर धमाका आधी होतो आणि शिट्टी लांब निघून जाते. इथं शिट्टी जवळ येत होती.

"गोदामात काय ठिवलंय रं?" त्यांनी विचारलं.

वीरधवलनं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "आप्पा, आईला सांगू नगा."

फोन कट झाला.

शालूबाई भाकरीचं पीठ मळायला बसल्या. "आवं, तुमचं त्वांड असं का झालंय?" त्या म्हणाल्या. आकाराम फोन खिशात घालून अंगणात गेले. त्या दिवशी शालूबाईंनी परातीतलं पीठ मळून तसंच ठेवलं, भाकरी केल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी आकाराम लोणंदहून रेल्वेनं सांगलीला गेले. एजंटाच्या ऑफिसच्या शटरवर 'भाड्याने देणे आहे' असा कागद होता. खालचा झेरॉक्सवाला म्हणाला, "महिना झाला गेले. तुमी चौथे."

शालूबाईंचं माहेर मिरजेजवळचं. तिथल्या शेजारच्या मगदुमांची ब्राह्मी रशियात डॉक्टरकी शिकून आली होती आणि आता सांगलीच्याच एका दवाखान्यात उमेदवारी करत होती. आकाराम तिच्या दारात जाऊन उभे राहिले. वीरधवलनं आदल्या रात्री कराराच्या पानांचे फोटो पाठवले होते. पोराला ती लिपी येत नव्हती, तरी सही त्याचीच होती.

ब्राह्मीनं मोबाईल हातात घेतला. दोन पानं वाचली आणि ती खुर्चीवर सरळ होऊन बसली.

"काका, ह्यात गोदाम कुठंच न्हाई. एक वर्षाची सेवा लिहिलीया. सैन्यातली."

"मधी सोडता येतंय का?"

तिनं पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. "तसं काय लिहिलं न्हाई."

"शेवटाला इंग्रजीत माझं नाव कशापायी हाय गं? आमच्या पोरानं एवढंच वळाकलं."

"वारस म्हणून," ब्राह्मी हळूच म्हणाली.

तिनंच मग अर्ज लिहून दिला, इंग्रजीत आणि रशियनमध्येही. आकारामांनी तो दिल्लीला पाठवला, वकिलातीला पाठवला, खासदारांच्या माणसाकडे दिला. उत्तरं येत होती. सगळ्या उत्तरांत प्रकरण गांभीर्यानं घेतल्याचं लिहिलेलं होतं. ते एकदा पारावर आले तेव्हा टीव्हीवरच्या चर्चेचा विषय घेऊन दादासो रंगात आले होते. आकारामांनी त्यांचं बोलणं मध्येच थांबवलं.

"दादासो, त्यो एक फोन लावा की आता."

पारावर कुणी हसलं नाही. दादासोंनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

एप्रिलमध्ये वीरधवलचा आवाज पुन्हा आला. या वेळी चित्र नव्हतं. त्याला पुढे नेलं होतं, खंदकात. हातात बंदूक दिली होती. सात दिवसांचं शिक्षण झालं होतं.

आकारामांनी शालूबाईंकडे पाहिलं. त्या समोरच बसल्या होत्या. "बोला," त्या म्हणाल्या. "माझ्याम्होरं बोला. मला काय कळत न्हाई व्हय?"

मग आकारामांनी चोवीस वर्षांत जे शिकले ते अर्ध्या तासात पोराला सांगायचा प्रयत्न केला. शिट्टी लांबत गेली तर डोक्यावरनं जातीय, हलू नको. एकदम तुटली तर जिथं असशील तिथं पड. एकाच खड्ड्यात तिघं बसू नका. दोन गोळ्यांमधला वेळ मोज. त्यांचा आवाज परेडवर असावा तसा चढला होता. शेजारची बायामाणसं दारात येऊन उभी राहिली होती.

"आप्पा," वीरधवल मध्येच म्हणाला, "तोफ कवातरीच येती. हितं वरनं ड्रोनची भुणभुण येती. मधमाशीवानी. माणसाच्या मागं लागती, आपण वळलो तर ती बी वळती. तवा काय करायचं?"

आकारामांच्या पलटणीत हे नव्हतं.

"झाडाखाली जा," शेवटी ते म्हणाले.

"झाडं न्हाईत आप्पा."

तो शेवटचा फोन. मे गेला, जून गेला. बलजीतचा मात्र एक निरोप त्याच्या वडिलांना आला. वीरधवल जखमी झाला होता, त्याला एका गाडीत घालून मागे नेलं, गाडी कुठं गेली ठाऊक नाही. त्यानंतर बलजीतकडूनही काही आलं नाही. ऑगस्टात दिल्लीहून कळवलं की त्याचं नाव तिकडच्या यादीत बेपत्ता असं आहे. शालूबाईंनी तो शब्द आकारामांकडून दोनदा वाचून घेतला.

ऑक्टोबरात साताऱ्याहून कचेरीतल्या एका बाईंचा फोन आला. आई-वडील दोघांनी सरकारी दवाखान्यात रक्त द्यायला यावं. तिकडून काही अवशेष आले होते आणि ओळख पटवायची होती. अवशेष हा शब्द त्या बाईंनी फार सांभाळून उच्चारला.

दोघे एस.टी.नं गेले. शालूबाईंनी लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. दवाखान्यात त्यांनी आधी स्वतःचा हात पुढे केला. सुई टोचताना त्या नर्सला म्हणाल्या, "जरा जास्तच घ्या बाई. कमी पडाय नको."

सहा आठवडे गेले. त्या दिवसांत आकाराम शेतात जात, पण बांधावरच बसून परत येत. शालूबाई देवळात जायच्या बंद झाल्या. काय मागायचं ते कळत नाही, असं त्या माझ्या बायकोला म्हणाल्या.

डिसेंबरच्या सुरुवातीला कागद आला. मीच तो वाचून दिला. नमुना जुळत नाही, असं लिहिलं होतं. ते अवशेष वीरधवलचे नव्हते.

आकाराम ओट्यावर बसले. त्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी माणसासारखा दिसला. "जुळलं न्हाई," ते म्हणाले. "ऐकलं का गं? आपलं न्हाई त्ये."

शालूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "व्हय," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "मग त्यो कुणाचा?"

आकारामांनी खिशातून फोन काढला. चांगली बातमी पहिल्यांदा हरियाणाला सांगायची असं त्यांनी ठरवलं होतं. बलजीतच्या वडिलांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"हवालदार साब, हमारा नहीं निकला," आकाराम मोठ्यानं म्हणाले. "रिपोर्ट आ गया. हमारा नहीं निकला."

आकारामांनी फोन उजव्या कानाला आणखी दाबला.

"अच्छा है, शेळके साब," तिकडचा आवाज म्हणाला. "हमें कल बुलाया है. खून देने."